तडा कुठवर जाईल?



काच चटकन फुटते, यात आपल्याला नवल वाटत नाही. पण तिच्या अणूंची एकमेकांवरची पकड हिशेबात धरली, तर काच आहे त्याच्या कितीतरी पट मजबूत निघायला हवी. मग ती इतकी कच्ची का? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधल्या फार्नबरो इथल्या सरकारी विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ नावाचा तरुण इंजिनिअर या प्रश्नामागे लागला. त्याने काचेच्या पातळ नळ्या आणि पोकळ गोळे घेतले, त्यांवर मोजून मापून चिरा पाडल्या आणि आतून दाब वाढवत ते फोडले. चीर चौपट लांब असली, की निम्म्या ताणालाच काच जायची.

१९२१ साली छापलेल्या त्याच्या निबंधात याचा उलगडा आहे, आणि मला तो आजही विलक्षण वाटतो. ग्रिफिथने ऊर्जेचा जमाखर्च मांडला. ताणलेल्या वस्तूत ऊर्जा साठलेली असते. चीर पुढे सरकली, की आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि ती ऊर्जा मोकळी होते, ही जमा. पण चीर वाढणं म्हणजे दोन नवे पृष्ठभाग तयार होणं. त्यालाही ऊर्जा लागते, हा खर्च. खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून बारीक चीर वर्षानुवर्षं गप्प राहते, आणि एकदा का तिने ठरावीक लांबी ओलांडली, की वस्तू क्षणात दुभंगते.

धातूंचं प्रकरण जरा अवघड. तिथे चिरेच्या टोकाशी धातू आधी लवतो आणि त्यात बरीच ऊर्जा जिरते. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विन यांनी ती हिशेबात धरली. टोकाजवळचा ताण किती तीव्र आहे, हे एकाच संख्येत सांगायची सोयही त्यांनी केली.

तरी एक मोठा प्रश्न उरला होता. एका झटक्यात न तुटणारी वस्तू त्याच भाराच्या हजारो फेऱ्यांनी का तुटते? १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमानं आकाशातच फुटली. त्याच फार्नबरोला एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवून, आत पुन्हा पुन्हा पाण्याचा दाब भरून तपासलं गेलं. शेवटी पत्रा फाटला तो खिडकीसारख्या कापलेल्या जागेच्या कोपऱ्यापासून. दर उड्डाणाला चीर किंचित पुढे जात होती.

ती किती पुढे जाते, हे अर्विन यांच्या त्या संख्येतल्या चढउतारावर ठरतं, हा विचार पॉल पॅरिस यांनी १९६१ मध्ये मांडला. नावाजलेल्या नियतकालिकांनी त्यांचा निबंध परत पाठवला होता. तो विद्यापीठाच्या एका पत्रिकेत छापावा लागला. या विचारातून आलेल्या सूत्रात चिरेचा वेग त्या चढउताराच्या घातात वाढतो, आणि पोलादासाठी हा घातांक साधारण तीन असतो. म्हणजे भार दुप्पट झाला, तर चीर सुमारे आठपट वेगाने वाढते! जादा माल लादणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवं.

आता हे गणित संगणक करतो. आधी वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पून त्यांच्या कडांवरूनच चीर न्यावी लागे. १९९८ मध्ये फ्रँकफोर्ट आणि मारिगो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ग्रिफिथचाच विचार नव्याने मांडला. त्यातून आलेल्या पद्धतींत चीर वळते, तिला फाटे फुटतात, आणि वाट कुठली हे आधी सांगावं लागत नाही.

याचा उपयोग कुठे? मुंबईच्या लोकलचंच घ्या. थंडीच्या पहाटे ‘रुळाला तडा, वाहतूक विस्कळीत’ ही बातमी येते. सलग जोडलेला रूळ थंडीत आखडू पाहतो, पण त्याला आखडता येत नाही. तो ताणला जातो आणि आत दडलेली चीर उघडते. ती आधी सापडावी म्हणून अल्ट्रासॉनिक यंत्राची ढकलगाडी रुळावरून फिरवतात. ही गाडी किती दिवसांनी फिरवायची? यंत्राला दिसेल एवढ्या चिरेपासून घातक चिरेपर्यंतचा काळ काढायचा, आणि त्या काळात तपासणीची एकापेक्षा जास्त वेळा संधी मिळेल असं वेळापत्रक आखायचं. वाहतूक वाढली, डब्यांचं वजन वाढलं, तर हा काळ आटतो आणि गाडी लवकर फिरवावी लागते. त्यासाठी माणसं आणि रात्रीची मोकळी वेळ, दोन्ही रेल्वेला मिळालीच पाहिजेत.