पोटात दुखतंय, शाळा नको

परीक्षेच्या सकाळी मूल पोट धरून बसलं, तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणायची घाई नको. ते दुखणं खरंही असतं. ताण आला की शरीरात ॲड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, तळवे घामेजतात, पचन मंदावतं. ‘कुठे काय होतंय, हात लावून दाखव,’ असं विचारा. मग दोघं मिळून चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. ‘शांत हो!’ असं ओरडून मात्र कुणी शांत होत नाही. या श्वासाचा सराव रोज झोपताना करा, ऐन रडारडीत नवं काही शिकवता येत नाही. दुखणं वारंवार उद्भवलं तर डॉक्टरांना दाखवा. मनाचं काही विचारायचं असेल, तर टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.