पान पालथं करून बघ की!

आजचा विषय कोडिंगचा नाही. आमच्या घरच्या स्ट्रॉबेरीचा आहे, आणि मी केलेल्या एका चुकीचा.

आमचं शेत पाचगणीच्या जवळ. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय टॅग मिळाला, तोच हा पट्टा. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड, आणि मग थेट एप्रिलपर्यंत तोडणी. शेत आबा बघतात, मी पुण्यात लॅपटॉप बघतो.

गेल्या फेब्रुवारीत आबांचा फोन आला. "रस्त्याकडच्या बेडची पानं तांबूस पडायला लागलीत." मी म्हटलं, फोटो पाठवा. त्यांनी पाठवला, वरून काढलेला, छान उन्हातला. मी तो एका ॲपला दिला. ॲप म्हणालं, मॅग्नेशियमची कमतरता. मीही बीटेकवाल्याच्या आत्मविश्वासाने आबांना तेच सांगितलं. ड्रिपमधून मॅग्नेशियम सल्फेट सोडलं. आठ दिवस गेले, पानं आणखी खराब.

मग आबा दुकानात गेले. तिथे मिळालं सिंथेटिक पायरेथ्रॉइडचं कीटकनाशक. फवारलं. पुढच्या आठवड्यात रस्त्याकडचे चार बेड होते त्याचे बारा झाले.

शनिवारी मी घरी गेलो. बेडमध्ये उभा राहून फोटो काढत होतो. तोडणीला येणाऱ्या एक मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आरं, पान पालथं करून बघ की!"

पालथं केलं. खालून बारीक जाळी, आणि जाळीत सरकणारे ठिपके.

लाल कोळी. नाव लाल असलं तरी बरेचदा ते फिकट हिरवट-पिवळे असतात, अंगावर दोन काळे डाग. आणि हा कीटक नाहीच. आठ पायांचा आहे, आपल्या कोळ्याचा भाऊबंद. हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. कीटक मारणारी बरीच औषधं याला धड मारत नाहीत, पण याला खाणारे परभक्षी कोळी आणि ढालकिडे मात्र मारतात. म्हणजे आम्ही पैसे देऊन त्याचे शत्रू संपवले होते.

माझे आठ दिवस का महाग पडले, तेही ऐका. तापमान तिशीकडे गेलं की अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. मी मॅग्नेशियम देत बसलो, तेवढ्यात त्यांची एक अख्खी पिढी झाली.

ओळखायचं कसं? पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे पिवळे ठिपके दिसतात, नंतर पान तांबूस होतं. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी. साधं दहापट भिंग घ्या, मोबाईलच्या झूमवर विसंबू नका. आणि सुरुवात धुळीच्या कडेने होते, कारण कोरडं आणि धुळकट त्यांना मानवतं. आमच्याकडे रस्त्याकडूनच आली.

मग जुनी पानं काढून पिशवीत भरून शेताबाहेर नेली. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला, यात बरेच कोळी धुऊन जातात. त्यानंतर लेबलवर या पिकासाठी मंजूर असलेलं कोळीनाशक. बऱ्याच औषधांनी अंडी मरत नाहीत, म्हणून काही दिवसांनी दुसरी फवारणी, तीही वेगळ्या गटातल्या औषधाची. तेच तेच मारलं तर कोळी त्याला लवकर पचवतात. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

खरा वाद इथे झाला. स्ट्रॉबेरी आपण सालासकट खातो आणि तोडणी एक दिवसाआड असते. लेबलवर लिहिलेले दिवस थांबायचं तर पिकलेलं फळ वाया. भाव चांगला होता. आबा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "हे फळ आपल्या घरात खाणार का? नाही ना? मग बाजारात कशाला?" त्या बारा बेडचं फळ तोडून खड्ड्यात घातलं. तो खड्डा भरताना मी ॲप डिलीट केलं.

बाकीच्यांचं थोडक्यात. मावा कोवळ्या पानांत, गाभ्यात बसतो. पानं चिकट आणि मुंग्यांची ये-जा दिसली की समजा. युरिया जास्त झाला की हा वाढतो. फुलकिड्यांसाठी फुलावर हलकी फुंकर मारा, बारीक लांबट किडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे लावा. रोप अचानक सुकलं तर उपटून बघा, मुळं खाल्लेली आणि मातीत पांढरी वळलेली अळी, म्हणजे हुमणी. आणि वाकडंतिकडं फळ दिसलं की लगेच किडीच्या नावाने फवारू नका. फळावरच्या प्रत्येक बीचं परागीभवन व्हावं लागतं, तिथे कमी पडलं तरी फळ वाकडं होतं. अशा वेळी फवारून मधमाश्याच मारल्या तर काय होणार?

या हंगामात मी एक शीट बनवली आहे. दर रविवारी आबा रस्त्याकडच्या बेडवरची वीस पानं पालथी करून बघतात आणि मला व्हॉइस नोट पाठवतात. कालची होती, "वीसात तीन. पाणी मारलंय. औषध नको अजून."

तुम्हाला कुणाला फोटो पाठवायचा असेल तर पाठवा, पण पालथ्या पानाचा. भेटू पुढच्या भागात.