उठून गेलेल्या पंगती



माणसाचें वय वाढलें म्हणजे बंद पडलेल्या खाणावळी त्याला फार आठवूं लागतात. पुण्यामुंबईच्या माणसाला एखादें इराण्याचें दुकान आठवतें. तेथें आतां औषधें विकत असतात, तरी त्या कोपऱ्यावरून जातांना पाय किंचित् रेंगाळतो. मला आज ज्या उपाहारगृहांविषयीं बोलावयाचें आहे, तीं मात्र कोणत्याहि पेठेंत नव्हतीं. तीं होतीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम गांवच्या डिस्नेलँड या क्रीडानगरींत. माझें लहानपण त्यांच्या आसपास गेलें, आणि त्यांतलीं बहुतेक आज नाहींत.

वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं ही नगरी उघडली. ती म्हणजे एक प्रचंड नाटकगृहच. फरक इतकाच कीं, येथें प्रेक्षक रंगभूमीवरूनच चालत असतो. एका वळणावर घनदाट जंगल, दुसऱ्या वळणावर जुन्या पश्चिम अमेरिकेंतलें लांकडी गांव, तिसरीकडे परीकथेंतला किल्ला. अशा ठिकाणीं भूक लागली तरी ती नाटक न मोडतां भागली पाहिजे. म्हणून जंगलाशेजारचें उपाहारगृह जंगलासारखें, चांच्यांचें चांच्यांसारखें. यांत आणखीहि एक गोम होती. नगरी उभारतांना पैशाची चणचण होती; तेव्हां डिस्ने यांनीं खाद्यपदार्थांच्या मोठमोठ्या कंपन्यांना हाताशीं धरलें. पिठाची कंपनी, माशांच्या डब्यांची कंपनी, मक्याच्या कुरकुरीत चकत्यांची कंपनी, अशा एकेकीनें एकेक देखावा घेतला. पाहुण्याला वाटावें, आपण गोष्टींत शिरलों. वस्तुतः तो जाहिरातींत बसून जेवत असे. माझी यावर तक्रार नाहीं. नऊ वर्षांच्या मुलाला दोहोंतला भेद कळत नाहीं, आणि कळला तरी तो पानावरून उठत नाहीं.

आमचें कुटुंब १९६७ सालीं तिकडे गेलें. १९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला, आणि त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर व इंजिनियर तिकडे जाऊं लागले. अण्णा त्यांपैकीं एक. आई पुण्याची, शुक्रवार पेठेंतली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, परंतु घराबाहेर चहाहि न घेणारी. पहिलें वर्षभर ती भात, बटाटे आणि दूध यांवर राहिली. ती वाळत चालली होती हें मला दिसत होतें; ती बोलेनाशी झाली होती हेंहि दिसत होतें. सप्टेंबर आला कीं मुलाला घेऊन मी परत जाणार, असें तिनें अण्णांना सांगून टाकलें होतें. तें मात्र मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. १९६८ च्या उन्हाळ्यांत अण्णा आम्हांला डिस्नेलँडला घेऊन गेले, ते अशा मनःस्थितींत.

मला प्रथम दिसलें तें गलबत. पीटर पॅनच्या गोष्टींतल्या कॅप्टन हुकचें तें जहाज. उंच डोलकाठ्या, पट्ट्यापट्ट्यांचीं शिडें, बाजूला लहानसें तळें आणि तळ्यावर कवटीच्या आकाराचा एक खडक, त्यावरून पाणी कोसळतें आहे. मी धांवतच सुटलों. तें गलबत म्हणजेच उपाहारगृह होतें. जहाजाच्या पोटांत पैसे देऊन पुडें घ्यावयाचें आणि वर येऊन, दोराला पाठ टेकून, चांच्यासारखें खावयाचें! पाटीवर कंपनीचें नांव होतें ‘चिकन ऑफ द सी’. ट्यूना मासा डब्यांत भरून विकणारी ती कंपनी. आईनें नांव वाचलें आणि अण्णांकडे पाहिलें.

“म्हणजे समुद्रांतली कोंबडी,” अण्णा म्हणाले.

“मला कोंबडीहि नको नि समुद्रहि नको,” आई म्हणाली. त्या दिवसांतलें तिचें तेवढें एकच लांबलचक वाक्य मला आठवतें.

मला मात्र अण्णांनीं एक सँडविच घेऊन दिलें. माझ्या आयुष्यांतला तो पहिला मासा. आई तोंड फिरवून तळ्याकडे पाहत बसली. पण तिनें ‘नको खाऊं’ म्हटलें नाहीं. परत जावयाचें ठरविलेल्या माणसाला अशा गोष्टींत उदार होतां येतें, असें आतां वाटतें.

नंतर चांच्यांच्या अंधाऱ्या भुयारांतून आम्ही दुसऱ्या होडींतून गेलों. तेथें आरंभींच कांठावर एक उपाहारगृह लागतें, ‘ब्लू बायू’. तें १९६७ सालीं उघडलेलें आणि आजहि चालू आहे. छताखालीं कायमची रात्र, कागदी कंदील, पांढरीं टेबलें. होडींतून जाणारे जेवणारांना पाहतात आणि जेवणारे होडीवाल्यांना. आम्हीं त्यांच्याकडे पाहिलें. तेथें बसण्याइतके पैसे अण्णांच्या खिशांत नव्हते. ‘कासा दे फ्रीटोस’ हें मेक्सिकन धर्तीचें उपाहारगृह आम्ही नुसतें ओलांडलें. तेथें म्हणे उरलेल्या मक्याच्या पोळ्या फेकून न देतां तळून, मसाला लावून देऊं लागले, आणि त्यांतूनच १९६६ सालीं सर्व अमेरिकेंत विकूं लागलेले डोरिटोस जन्मास आले. शिळ्या पोळीचा चिवडा करणाऱ्या आपल्या बायकांना यांत नवल वाटूं नये.

दुपारचे दोन वाजले. आईनें सकाळपासून कांहीं खाल्लें नव्हतें. जुन्या पश्चिमेच्या त्या लांकडी गांवाच्या टोंकाला, नदीच्या समोर, एक उपाहारगृह होतें. पाटीवर डोक्याला रुमाल बांधलेली, तोंडभर हसणारी एक काळी बाई. नांव ‘आंट जेमायमा’. पॅनकेकचें तयार पीठ विकणाऱ्या कंपनीचें तें स्थान.

“अगं, इथं पंडितजी येऊन गेलेत,” अण्णा म्हणाले. तें खरें होतें. नोव्हेंबर १९६१ मध्यें पंडित नेहरू इंदिराबाईंसह डिस्नेलँडला आले होते, खुद्द डिस्ने यांनीं त्यांना नगरी दाखविली होती, आणि या उपाहारगृहांत त्यांना पॅनकेक वाढल्याची नोंद आहे. नेहरूंचें नांव ऐकून आई आंत आली. दुसऱ्या कोणत्याहि नांवानें ती आली नसती.

बशींत तीन जाडसर, पिंवळट, फुगलेल्या चकत्या आल्या; वर लोण्याचा गोळा, बाजूला पाकाचें भांडें. आई बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, हीं तर धिरडीं!”

“धिरडींच तीं,” अण्णा म्हणाले.

“यांत काय काय असतं?”

“पीठ आणि दूध.”

तिनें एक तुकडा मोडला, पाकांत बुडविला, तोंडांत घातला. दुसरा घेतला. तिन्ही संपविलीं आणि माझ्या बशींतलें अर्धें घेतलें. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. निघतांना आई पाटीपाशीं थांबली आणि विचारती झाली, “आंट म्हणजे मावशी ना? बरी दिसते बाई. हसते छान.” त्या दिवसापासून ती आमच्या घरांत जेमायमा मावशी झाली.

पुढच्याच आठवड्यांत पिठाचें खोकें घरीं आलें. आईनें तें उलटून मागचा मजकूर वाचला. त्यांत दुधाबरोबर एक अंडेंहि घालावयास सांगितलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं. खोकें फळीवर ठेवलें, अंड्याच्या व दुधाच्या जागीं ताक घातलें, आणि तव्यावर धिरडीं घातलीं. अण्णांनीं तीं खाल्लीं. तेहि कांहीं बोलले नाहींत. सप्टेंबर आला आणि गेला. आम्ही परत गेलों नाहीं. याचें सारें श्रेय धिरड्यांना देण्याइतका मी भाबडा नाहीं. त्याच सुमारास शेजारच्या गल्लींत एक सोलापूरचें कुटुंब राहावयास आलें होतें. तरी पण आईच्या पाककृतींच्या वहींत परदेशांतली पहिली नोंद आहे ती ‘जेमायमा मावशीचीं धिरडीं’ ही.

त्यानंतर एकेक पंगत उठत गेली. पॅनकेकच्या कंपनीनें १९७० सालीं ती जागा सोडली. इमारत राहिली, पाटी बदलली. गलबतावरची माशांची कंपनी १९६९ सालींच गेली होती. १९८२ सालीं परीकथांचा तो सारा भागच नव्यानें बांधावयास काढला, तेव्हां गलबत उचलून दुसरीकडे नेण्याचा बेत होता. पण लांकूड कुजलेलें, आणि वर्षानुवर्षांच्या डागडुजीनें त्याला गिलाव्याचा नि कांक्रीटचा भार झालेला. हलवूं जातां तें मोडून पडलें, असें सांगतात. ज्या जागीं मीं पहिला मासा खाल्ला, तेथें आज हत्तींचा पाळणा फिरतो. जंगलाच्या कडेला ‘ताहिटियन टेरेस’ होतें. १९६२ पासून तेथें जेवतांना पॉलिनेशियन नाच पाहावयास मिळत. तेंहि १९९३ सालीं बंद पडलें. फ्रान्समधील नगरींत मात्र १९९२ सालीं हुकचें गलबत पुन्हा बांधलें, कवटीच्या खडकासकट. मीं तें पाहिलें आहे. चांगलें आहे. मला त्यावर चढावेंसें वाटलें नाहीं.

येथवरची गोष्ट मी अनेकांना सांगत आलों आहें. पुढची सांगावयाची टाळीत आलों.

१९७८ सालीं मी कॉलेजांत होतों. अमेरिकेच्या इतिहासाच्या वर्गांत एके दिवशीं प्राध्यापकांनीं एक जुनी जाहिरात दाखविली. तीच बाई, तोच रुमाल, तेंच हसू. मग कळलें कीं, जेमायमा नांवाची बाई कधीं नव्हतीच. १८८९ सालीं पिठाच्या धंद्यांतल्या दोघां गोऱ्या माणसांनीं तें नांव एका नाटकी गाण्यावरून उचललें; तीं गाणीं गोरे नट तोंडाला काळें फांसून म्हणत. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत, म्हणजे ज्या वर्षीं आणि ज्या गांवीं स्वामी विवेकानंदांनीं भाषण केलें तेथेंच, नॅन्सी ग्रीन नांवाच्या बाईला त्या वेषांत उभें करून पॅनकेक भाजावयास लाविलें. ती केंटकींत गुलामगिरींत जन्मलेली होती. लोकांना मळ्यावरच्या आनंदी दासीचें चित्र हवें होतें; तिला तें हसून दाखवावें लागे. डिस्नेलँडमध्यें १९५७ पासून हा वेष आयलीन लुईस यांनीं केला. नेहरूंना वाढणाऱ्या त्याच. १९६४ सालीं त्या वारल्या, म्हणजे आम्ही तेथें जेवलों तेव्हां हयात नव्हत्या.

पण मला खरा धक्का बसला तो एका शब्दानें. प्राध्यापक म्हणाले, दक्षिणेंतले गोरे लोक वयस्कर काळ्या बाईला ‘मिसेस’ म्हणत नसत; तो मान गोऱ्या बायकांचा. काळ्या बाईला म्हणावयाचें ‘आंट’. म्हणजे तो शब्द जवळीक दाखविण्यासाठीं नव्हता, मान नाकारण्यासाठीं होता. आणि आमच्या घरांत त्याचें भाषांतर झालें होतें मावशी! माय मरो नि मावशी जगो, असें म्हणणाऱ्या भाषेंत.

मीं हें आईला सांगितलें नाहीं. त्या वर्षीं नाहीं आणि पुढें बेचाळीस वर्षें नाहीं. तिच्या परदेशांतल्या पहिल्या सुखाच्या घांसावर मीं कशाला हात ठेवावा, असें मी स्वतःला सांगत असें. जुन्या उपाहारगृहांविषयीं हळहळणारे लोक मला पुष्कळ भेटतात. त्यांचीं मेन्यूकार्डें जमा करणारेहि आहेत. त्यांना हंसण्याचा मला अधिकार नाहीं; माझ्याहि कपाटांत गलबतावरचें एक आहे. पण मेन्यूकार्डावर सर्वच लिहिलेलें नसतें, हें मला ठाऊक असून मी गप्प बसलों होतों.

१७ जून २०२० रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, हें नांव आणि हें चित्र ती सोडून देत आहे. साथीचे दिवस, आई ८४ वर्षांची, माझ्याच घरीं. अण्णा पूर्वींच गेले होते. दूरदर्शनच्या पडद्यावर तें चित्र आलें आणि आईनें हांक मारली, “अरे, आपल्या मावशीला काय झालं?”

तेव्हां मात्र बसून सर्व सांगितलें. नॅन्सी ग्रीन, रुमाल, मिसेस, आंट. आई मधें एकदांहि बोलली नाहीं. माझें संपल्यावर बराच वेळ तिनें पदराचें टोंक बोटाला गुंडाळलें नि सोडलें.

मग विचारलें, “नेहरूंना वाढलं त्यांचं नांव काय म्हणालास?”

“आयलीन लुईस.”

“आयलीन लुईस,” तिनें दोनदां म्हणून पाहिलें. “हें तुला कधीं कळलं?”

“कॉलेजांत असतांना.”

“आणि मला आज सांगतोस?”

यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तिनें तें मागितलेंहि नाहीं. “माझी वही आण,” म्हणाली.

मीं वही आणली. तिनें चष्मा लावला, पान काढलें, जुन्या नांवावर एक सरळ रेघ ओढली आणि त्याखालीं कांपऱ्या अक्षरांत लिहिलें, ‘श्रीमती आयलीन लुईस’. खालची कृति तीच राहिली: दीड वाटी पीठ, एक वाटी ताक, चिमूटभर मीठ, साखर आवडीप्रमाणें.