असेसमेंट म्हणजे शेजारी बसणं

(पेण येथे झालेल्या कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



मला 'आपल्या कामाचं मूल्यमापन' हा विषय दिला आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढे 'असेसमेंट' असंही छापलंय. मी त्या एका शब्दाबद्दलच बोलणार आहे, कारण त्या शब्दानं गेल्या वर्षी मला एका वाडीवर मान खाली घालायला लावली.

देणगीदारांसाठी अहवाल तयार करायचा होता. मुंबईहून आलेल्या दोन तरुण स्वयंसेवकांना घेऊन मी रोह्याकडच्या एका कातकरी वाडीवर गेले. हातात छापील फॉर्म होते. त्यांच्यातला एक जण उत्साहानं म्हणाला, "आम्ही असेसमेंट करायला आलोय." हे ऐकल्याबरोबर अंगणात बसलेल्या एक आजी उठल्या, आत गेल्या आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. पिशवीत रेशनकार्ड होतं, आधारकार्ड होतं, जुनी लाइटबिलं होती. ती माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ताई, आता लागंल ना आमचं घर?"

तुमच्यापैकी बहुतेकांना याचा अर्थ लगेच कळला असेल. त्या मुंबईच्या मुलांना कळला नाही. आपल्याकडे गावात असेसमेंट म्हणजे घरपट्टीची आकारणी, आणि 'असेसमेंटचा उतारा' म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8. त्या वहीत घर चढलं की घराला नंबर मिळतो. ती जमिनीची मालकी नव्हे, हे खरं. पण ज्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या जागेवर उभी आहेत, त्यांच्यासाठी आपण इथे राहतो याचा तो एक सरकारी कागद असतो. महामार्ग रुंद झाला, कारखाने आले, जमिनीला भाव आला. आता वाडीभोवती कधी कुंपण पडेल याचा नेम नाही. आजी कितीतरी वर्षं त्या एका नोंदीची वाट पाहत होत्या. आम्ही तोच शब्द उच्चारला, आणि आमच्या पिशवीत होते फक्त प्रश्न.

घरी आल्यावर मी हा शब्द शोधला. असेस या इंग्रजी क्रियापदाचं मूळ लॅटिन भाषेत आहे, आणि त्या मुळाचा अर्थ आहे 'शेजारी बसणं'. न्यायाधीशाच्या शेजारी बसून त्याला मदत करणारा तो असेसर. ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडच्या खटल्यांतही असे असेसर बसत. आपल्या सेशन कोर्टातलं 'सेशन'ही त्याच बसण्याच्या धातूपासून आलं आहे. पुढे शेजारी बसणाऱ्याचं काम बदललं. कोणी किती कर किंवा दंड भरायचा हे तो ठरवू लागला. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो या कराच्या अर्थानंच. माणसाची, कामाची किंवा विचाराची योग्यता ठरवणं हा अर्थ फार उशिरा, विसाव्या शतकात रुळला.

आपल्या देशात इंग्रज सरकारनं हा शब्द जमिनीवर आणला. अधिकारी आले, जमीन मोजली, मातीची प्रत आण्यांत ठरवली आणि सारा बसवला. सातबाऱ्यावर क्षेत्राजवळ जो 'आकार' लिहिलेला असतो, तो त्याच आकारणीचा. ज्याच्या नावावर आकार, त्याची जमीन कागदावर आली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या, खैराचा काथ काढणाऱ्या कातकऱ्याच्या शेजारी मात्र सहसा कोणी बसलं नाही. म्हणून तो कागदावरही आला नाही. आज महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी कातकरी ही एक आहे. दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी पीएम-जनमन योजना सुरू झाली आणि तिच्यात पक्कं घरही आहे. पण ज्याला जागा नाही, त्यानं घर कुठे बांधायचं?

कर आणि बसणं, या दोन्ही गोष्टी शुभवर्तमानात आहेत. मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता. लोकांना तो फक्त घेणारा माणूस म्हणून दिसत होता. प्रभू त्याच्या घरी जाऊन त्याच्या पंगतीला बसले. दुसऱ्या एका प्रसंगी प्रभू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून पाहत होते. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, एका गरीब विधवेनं दोन टोल्या टाकल्या. रकमेचा तक्ता केला असता तर ती शेवटच्या ओळीत गेली असती. पण तिनं आपली सगळी उपजीविका टाकली, हे समोर बसलेल्यानं ओळखलं.

आता माझी चूक सांगते. त्याच वाडीतल्या एका मुलीच्या फॉर्मवर मी स्वतः लिहिलं होतं : 'शाळाबाह्य. कारण : पालकांची अनास्था.' पिशवी परत देताना मी आजींजवळ ओट्यावर बसले. दोन तास बसले. ती मुलगी त्यांची नात होती. पावसाळ्यात हाताला काम नसताना तिच्या बापानं वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतली होती. उचल फेडायला दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर गेलं. मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला सोबत गेली, आणि जाताना मराठीचं पुस्तक घेऊन गेली. मी अनास्था लिहिली, ते खरं तर कर्ज होतं.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली जन्मलेले विनोबा 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. तिथल्या भूमिहीन दलितांना त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? ते म्हणाले, 80 एकर जमीन. गावातल्याच एका जमीनदारानं 100 एकर देऊ केली, आणि तिथून भूदान सुरू झालं. त्या दिवशी विनोबांजवळ फॉर्म नव्हता. त्यांनी लोकांत बसून त्यांनाच विचारलं.

फॉर्म फाडून टाका, असं मी म्हणत नाही. देणगीदाराच्या पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. पण आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, फॉर्म उभ्यानं भरायचा नाही. आधी बसायचं, ऐकायचं, मग लिहायचं. दोन, फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न वाडीच्या लोकांचा : 'तुम्हाला आम्हाला काय विचारायचंय?' आजींचा प्रश्न त्यात पहिला लिहिला आहे. वाडीतल्या घरांच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. निकाल अजून लागलेला नाही. प्रत्येक ग्रामसभेला आम्ही त्या अर्जाची पोच घेऊन जातो, आणि आता आजीही आमच्याबरोबर येतात.

शेवटी एवढंच. दर रविवारी आपण उपासनेला जातो. उपासना या शब्दाचा मूळ अर्थही 'जवळ बसणं' असाच आहे. रविवारी प्रभूजवळ बसणाऱ्यांनी सोमवारी वाडीवर उभ्या उभ्या परत फिरू नये, एवढी माझी विनंती आहे.