वर्ष कसं गेलं? घराचं, गावाचं, देशाचं



डिसेंबर सरत आला की आपण एकमेकांना विचारतो, "काय रे, वर्ष कसं गेलं?" उत्तर ठरलेलं असतं, "आमचं बरं चाललंय, पण देशाचं काही खरं नाही."

हे फक्त आपल्याच कट्ट्यावर चालतं असं नाही. इप्सोस ही संस्था दरवर्षी तीसेक देशांत हाच प्रश्न विचारते. २०२० हे वर्ष देशाला वाईट गेलं म्हणणारे ९० टक्के होते, आपल्याला आणि कुटुंबाला वाईट गेलं म्हणणारे ७० टक्के. २०२३ साठी हेच आकडे ७० आणि ५३. दोन्ही उतरले, पण मधलं अंतर फारसं मिटलं नाही.

असं का होतं? घर आपण डोळ्यांनी बघतो, देश मोबाईलवर बघतो. बस वेळेवर आली, याची बातमी होत नाही. बिघडलं की होते.

म्हणून देशाबद्दलची तक्रार खोटी ठरते का? मुळीच नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकानं आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. कोगनोळी नाक्यावर तपासणी सुरू झाली. निपाणीत माहेर आणि कागलला सासर असलेल्या मुलीसाठी हा सरकारचा विषय होता की घरचा? दोन्ही एकच झाले ना!

आणखी एक. ही पाहणी बहुतेक देशांत ऑनलाईन होते. भारतातून उत्तरं देणारे बहुतेक शहरी. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला वर्ष कसं गेलं, हे त्यात येत नाही. ते आपणच विचारायला हवं.

म्हणून या ३१ डिसेंबरला वहीत दोन नाही, तीन रकाने आखा : घर, गाव, देश. गावाच्या रकान्यात फक्त स्वतः मोजलेलं लिहा. मराठी शाळेत पहिलीला किती मुलं आली? बरोबरीचे किती जण नोकरीसाठी बाहेर गेले? मराठीत दिलेल्या किती अर्जांना मराठीत उत्तर आलं?

पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. काही बिघडलं असेल तर तक्रारीला वजन येईल. सुधारलं असेल तर तेही मोकळेपणानं सांगता येईल. "देशाचं काही खरं नाही" म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण गावाचा रकाना आपल्याशिवाय कोण भरणार?