जुन्या माईकच्या पोटातला पत्रा



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाला दोन जुने माईक मिळाले. लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या एका घरानं धंदा बंद केला, त्यांच्याकडचे. दोन्ही एकसारखे, जड, मुठीत छान बसणारे. एक बंद होता. दुसऱ्याचा आवाज मात्र असा भरदार, की आमच्या गटातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या त्याच्यावरच घ्यायच्या असं ठरलं. आजींचा आवाज खर्जातला. नव्या स्वस्त माईकवर तो कोरडा वाटायचा.

आता आमची चूक सांगतो. बंद माईक का बंद आहे ते बघताना चालू माईकही उघडला. मुठीत सुपारीएवढा ट्रान्सफॉर्मर होता. त्याचा धातू कोणता हे बघायला आम्ही लोहचुंबक लावला. तार शाबूत आहे का हे बघायला काट्याचं मीटर लावलं. पुन्हा जोडला, तर आवाज पातळ! आजी म्हणाल्या, "बायांनो, माझा घसा बसला का माईकचा?"

गावातल्या वाइंडिंगवाल्या भाऊंनी सांगितलं, "ताई, दोन्हींत साधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर टाकतो, काही फरक पडत नाही." आम्ही जवळजवळ हो म्हटलं होतं. मग तालुक्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका सरांना दाखवलं. ते म्हणाले, आधी आतला पत्रा ओळखा.

ट्रान्सफॉर्मरच्या मधोमध पातळ पट्ट्यांची चवड असते, तिला दुकानात स्टॅम्पिंग म्हणतात. रेडिओच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये ती सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाची. चांगल्या जुन्या माईकमध्ये मात्र पुष्कळदा निकेल आणि लोखंडाची मिश्रधातू असते. कारण माईकमधून येणारी वीज व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात. पाळण्याचं बघा. कडी गंजली असेल तर जोरात ढकलावं लागतं, तेल दिलेला पाळणा बोट लावताच हलतो. जवळपास ८० टक्के निकेल असलेला पत्रा तसा. अगदी हलक्या रेट्याला तो सिलिकॉनच्या पत्र्यापेक्षा दहापटीहून जास्त जागा होतो. त्याच्या जागी तेवढाच साधा पत्रा घातला, की सगळ्यात आधी खालचा, खर्जाचा आवाज जातो. म्हणजे आजींचाच. उलट निकेलचा पत्रा जड काम पेलत नाही, लवकर भरतो. पोलाद २ टेस्लाच्या आसपास भरतं, हा पाऊणच्या आसपास. म्हणून मोठ्या पॉवरच्या कामाला पोलादच बरं.

हा पत्रा मुळात माईकसाठी शोधलेला नाही, समुद्राखालच्या तारेसाठी त्याचं मोठं काम झालं. अमेरिकेत गुस्ताव्ह एल्मेन यांनी पर्मलॉय काढलं आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्क ते अझोर्स बेटांच्या तारायंत्राच्या केबलवर त्याची पट्टी गुंडाळली गेली. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथ आणि गार्नेट यांनी त्यात तांबं घालून म्यू-मेटल केलं. भट्टीत हायड्रोजनमध्ये हजार अंशांच्या वर तापवून त्याला मऊ करतात. नंतर वाकवला, आपटला, की त्याचा गुण उतरतो.

मग ओळखायचा कसा? लोहचुंबकानं नाही. दोन्ही पत्रे चुंबकाला चिकटतात, म्हणजे कळत काहीच नाही, वर पत्रा चुंबकीय होऊन बसतो. काट्याच्या मीटरच्या सेलनंही तेच होतं. रंगावरून थोडं कळतं. पोलाद कडेला तांबूस गंजतं, निकेलचा पत्रा वर्षानुवर्षं चांदीसारखा राहतो. पण वार्निशखाली नजर फसते. आणि ट्रान्सफॉर्मरभोवती धातूची डबी असेल तर ती घरघर अडवायला असते. ती म्यू-मेटलची निघाली म्हणून आतला पत्राही तोच, असं नाही.

खात्रीची परीक्षा सोनाराकडे झाली. बंद ट्रान्सफॉर्मरची तार आतून तुटलीच होती, म्हणून त्याच्याच पट्ट्या काढल्या. चालूला हात लावला नाही. वार्निश पुसलं, दोऱ्यात बांधून तोलल्या: २६.१ ग्रॅम. मग त्याच पाण्यात बुडवून तोलल्या: २३.१ ग्रॅम. पाण्यात साबणाचा थेंब टाकला होता, नाहीतर पट्ट्यांमध्ये बुडबुडे अडकतात आणि हिशोब चुकतो. फरक ३ ग्रॅम. २६.१ ला ३ नं भागलं, ८.७ आले. सिलिकॉनचं पोलाद ७.६५ च्या जवळ येतं, निम्मं निकेल असलेला पत्रा ८.२ च्या जवळ, आणि ८० टक्क्यांच्या आसपासचा ८.७. सोनारमामा आधी हसत होते, मग स्वतःच दुसऱ्यांदा तोलून बघितलं. पर्मलॉय की म्यू-मेटल, हे मात्र वजनानं सांगता येत नाही. त्याला कस पाहणारं एक्स-रे यंत्र लागतं. आमचं त्यावाचून अडलं नाही.

दोन्ही माईक जोडीचे, म्हणून चालूतला पत्राही तोच धरला. तो बदलायचा नव्हता, त्यातलं चुंबकत्व काढायचं होतं. सरांनी प्रयोगशाळेतल्या सिग्नल जनरेटरमधून, मध्ये रेझिस्टर ठेवून, ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट वाहणारी वीज दिली. ती पत्रा भरेपर्यंत वाढवली आणि हळूहळू शून्यावर आणली. मैत्रिणींनो, हे घरच्या प्लगवर कुणी करू नका. ट्रान्सफॉर्मर जळेल आणि जिवावरही बेतेल.

परवा आजींनी पुन्हा गायलं. खर्ज परत आला आहे. बंद माईकच्या पट्ट्या आम्ही कापसात गुंडाळून कुंकवाच्या जुन्या डब्यात ठेवल्यात. काढताना वाकलेल्या चार बाजूला केल्यात. केसाएवढी बारीक तार गुंडाळणारं कुणी मिळालं, तर बाकीच्या त्याच परत बसवू.