लालसरीला किती पाणी लागते?



डभोईजवळचा वढवाणा तलाव बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना नवा नाही. बडोदे संस्थानाने तो १९१०च्या सुमारास शेतीसाठी बांधला. २०२१ साली तो रामसर यादीत आला. हिवाळ्यात काठावर उभे राहिलात तर सारी बदके सारखीच वाटतील. प्रत्यक्षात तेथे दोन तऱ्हा असतात.

तलवार बदक आणि थापट्या उथळ पाण्यातले. डोके खाली, शेपूट वर करून ते चरतात आणि जागच्या जागी हवेत झेपावतात. लालसरी, मोठी लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारी. त्यांचे पाय शेपटीकडे सरकलेले असतात. पाण्याखाली ते वल्ह्यासारखे चालतात, पण उडायचे तर पाण्यावर लांब धाव घ्यावी लागते. म्हणून त्यांना मोकळे, पुरुषभर खोल पाणी आणि तळाशी पाणवनस्पती हव्यात. मोठी लालसरी मुख्यतः वनस्पतींवर जगते, शेंडी बदक शिंपल्या-गोगलगाई शोधते. पश्चिम भारतात इतरत्र विरळ असलेली मोठी लालसरी वढवाण्याला मात्र दर हिवाळ्यात दिसते.

शिकाऱ्यांना हे सारे ठाऊक होते. ते वाऱ्याकडे पाठ करून लव्हाळ्यात दबा धरत आणि पुढ्यात लाकडी बदके तरंगत ठेवत. बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणजे नेमके बंदुकीसमोर. जखमी लालसरी बुडी मारी आणि हाती लागत नसे. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

छर्रे मात्र तळाशी राहतात. दाणे दळण्यासाठी बदके खडे गिळतात, त्यांबरोबर शिसेही. आमच्या होमिओपॅथीत प्लंबमची लक्षणे शिकवतात: पोटात मुरडा, लुळे मनगट, वाळलेला देह. शिसे पोटात गेलेले बदकही असेच खंगते, पंख लोंबू लागतात. अमेरिकेने १९९१पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले.

आपल्याकडे आता शिकारीलाच कायद्याने मनाई आहे. माझ्यासारख्या जैनाला त्याचे समाधान वाटणारच. तरीही २०१५पासून साधी लालसरी जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तळे गाळाने भरले, पाणी घाण झाले, तळाची वनस्पती मेली, की बंदुकीवाचूनही ती उपाशी मरते.

तेव्हा तुमच्या गावच्या तळ्याच्या सुशोभीकरणाची सभा भरली की तीन प्रश्न विचारा. जानेवारीत पाणी किती खोल राहील? तळाशी काय उगवेल? नौकाविहाराविना मोकळे पाणी किती उरेल? शिकारी तळे पारखताना हेच पाहत असत. त्यांची ती पारख आता राखणीच्या कामी लावू या.